ठसा, कित्ता आणि नियम : चित्ररेखनाच्या आज्ञावलींतील पुनरावृत्तीचा इतिहास

मराठीत ‘तेच कर’ आणि ‘तसेच कर’ ह्या दोन आज्ञांत स्पष्ट भेद आहे. पहिलीत पूर्वी केलेली कृती तिच्या सर्व तपशिलांसह पुन्हा करण्याची अपेक्षा असते. दुसरीत त्या कृतीची केवळ रीत उचलून ती नव्या वस्तूला लावावयाची असते. मुलाच्या हाती कित्ता देऊन ‘तसेच काढ’ असे आपण म्हणतो, तेव्हा कित्त्यातील काय राखावयाचे आणि काय सोडावयाचे हे आपण सांगत नाही. अक्षराचे वळण राखावयाचे असते; कागदाचा रंग, शाईचा डाग, अक्षराची पानावरील जागा ही सोडावयाची असतात. मूल हा विवेक सहज करते. ठशाला तो करता येत नाही. ठसा जेथे दाबावा तेथे तेच उमटवितो. कित्त्यातील ‘तसे’ आणि ठशातील ‘ते’ ह्यांमधील हे अंतर ओलांडण्यासाठी संगणकावर चित्रे काढणाऱ्यांनी गेली साठ वर्षे जे प्रयत्न केले, त्यांचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

हा इतिहास बहुधा सोयींच्या क्रमिक वाढीचा म्हणून सांगितला जातो. आधी चित्रकार प्रत्येक पायरी हाताने करीत असे. पुढे पायऱ्यांची नोंद करून ती परत चालविण्याची सोय झाली. त्यानंतर स्क्रिप्ट लिहिता येऊ लागल्या. आणि आता नुसत्या शब्दांनी काम सांगता येते, असा तो क्रम. ही मांडणी कालानुक्रमाने ढोबळपणे खरी असली तरी तीमुळे दोन गोष्टी झाकल्या जातात. एक तर, ‘तसे’ ह्या शब्दाला यंत्राकडून अर्थ मिळवून देण्याची सर्वांत सखोल युक्ती ह्या इतिहासाच्या अखेरीस नव्हे, तर अगदी आरंभी, १९६३ मध्येच सापडली होती. सामान्य चित्रकाराच्या हाती ती येण्यास पुढे सुमारे चाळीस वर्षे गेली. दुसरे असे की, प्रत्येक टप्प्यावर खरा प्रश्न वेळ किती वाचला हा नसून, ‘तसे’चा अर्थ कोणी ठरवावयाचा, चित्रकाराने, आज्ञावलीकाराने की यंत्राने, हा होता.

विवेचनास एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या बोलीसर्वेक्षणासाठी चाळीस तालुक्यांचे नकाशे छापण्यास सिद्ध करावयाचे आहेत. प्रत्येक नकाशाचा समास कापावयाचा, रंग काढून तो करडा करावयाचा, सीमारेषा थोडी जाड करावयाची आणि उजव्या खालच्या कोपऱ्यात क्रमांकाची चौकट घालावयाची. काम कठीण नाही, पण चाळीस वेळा करावयाचे आहे. पहिला नकाशा चित्रकाराने हाताने पुरा केला. आता उरलेल्या एकोणचाळिसांना ‘तसेच’ करावयाचे. ह्या ‘तसेच’मध्ये काय काय दडले आहे, ते पुढील इतिहासावरून दिसून येईल.

(१)

१९६३ च्या जानेवारीत आयव्हन सदरलंड यांनी मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेस ‘स्केचपॅड’ ह्या आज्ञावलीवरील आपला प्रबंध सादर केला. लिंकन प्रयोगशाळेतील टीएक्स-२ ह्या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृत्या काढण्याची ती योजना होती. प्रबंधाच्या आरंभीच त्यांनी षट्कोनांच्या जाळीचे उदाहरण दिले आहे. चित्रकार प्रथम सहा बाजूंची एक वेडीवाकडी आकृती काढतो. तिची टोके एका वर्तुळावर असावीत आणि तिच्या बाजू परस्परांशी समान असाव्यात, अशी दोन बंधने तो घालतो. यंत्र ती पाळून नियमित षट्कोन सिद्ध करते. वर्तुळाचे काम संपले की ते पुसून टाकता येते. मग ह्या मूळ षट्कोनाची प्रतिरूपे मागवून, मधल्या एका षट्कोनाभोवती सहा षट्कोन जोडून सातांचा समूह बनवावयाचा आणि त्या समूहाचीही प्रतिरूपे करावयाची. अशा रीतीने ९०० षट्कोनांची जाळी अर्ध्या तासात तयार झाली, आणि ती कशी करावी ह्याचा विचार करण्यास लागलेला वेळही ह्यात धरलेला होता. ती कागदावर उमटविण्यास आणखी सुमारे २५ मिनिटे लागली. हेच काम हाताने करण्यास दोन दिवस लागतील, असा आरेखन विभागाचा अंदाज होता.

वेळेची ही बचत नजरेत भरणारी असली तरी महत्त्वाची गोष्ट तिच्यापुढे आहे. सदरलंड यांनी मूळ आकृती बदलून तिच्या जागी अर्धवर्तुळे बसविली, तेव्हा संपूर्ण जाळी माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागली. प्रतिरूपे मूळ आकृतीच्या नकला नव्हत्या. ती तिच्याशी बांधलेली होती. नक्कल एकदा झाली की स्वतंत्र होते आणि आपले मूळ विसरते. प्रतिरूप मुळाचा संबंध टिकवून ठेवते. येथे पुनरावृत्ती कृतीची नव्हतीच. चित्रकाराने ‘हे नऊशे वेळा कर’ असे सांगितले नव्हते, तर ‘ही सर्व त्या एकाची रूपे होत’ असा संबंध सांगितला होता. त्याचप्रमाणे, बाजू समान असाव्यात हे बंधन म्हणजे कोणत्याही एका आकृतीचे वर्णन नसून सर्व संभाव्य आकृत्यांना लागू होणारा नियम होता. ठसा आणि कित्ता ह्यांच्या पलीकडचा हा तिसरा मार्ग होय.

सदरलंड यांना आपल्या साधनाची मर्यादाही ठाऊक होती. केवळ कारखान्यात पाठविण्यासाठी एखादी आकृती हवी असेल, तर कागद आणि पेन्सिल हीच बरी. ज्यात पुष्कळ पुनरावृत्ती आहे किंवा फार अचूकता हवी आहे, अशा आकृत्यांच्या बाबतीत मात्र स्केचपॅडचा उपयोग फायद्याचा ठरतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुनरावृत्ती हा ह्या माध्यमाच्या उपयोगांपैकी एक उपयोग नसून, त्याच्या अस्तित्वाच्या समर्थनाचा एक मुख्य आधार होता, हे ह्यावरून ध्यानात येते.

(२)

स्केचपॅड ज्या यंत्रावर चालत असे ते प्रयोगशाळेतील यंत्र होते. चित्रकारांच्या टेबलावर संगणक आला तो १९८० नंतरच्या दशकात, आणि तो वेगळ्या वाटेने आला. १९८२ मध्ये जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी ॲडोबी ही संस्था काढली. १९८४ मध्ये तिने पोस्टस्क्रिप्ट ही छापावयाच्या पानाचे वर्णन करणारी भाषा प्रसिद्ध केली आणि १९८७ मध्ये मॅकिन्टॉश संगणकासाठी इलस्ट्रेटर ही आज्ञावली विक्रीस आणली. ह्या परंपरेचे उगमस्थान छापखाना होता, हे विसरून चालणार नाही. छापावयाच्या पानाला आपण कोठून आलो हे ठाऊक असण्याची गरज नसते. कोणती रेषा कोठून कोठवर जाते आणि ती किती जाड आहे, एवढे पुरे असते.

येथे एक विपर्यास नोंदवावासा वाटतो. पोस्टस्क्रिप्ट ही पूर्ण अर्थाने भाषा आहे. तीत एखाद्या कृतीला नाव देता येते, ती अमुक वेळा कर असे सांगता येते, अट घालता येते. परंतु इलस्ट्रेटरमध्ये बारा पाकळ्यांचे फूल काढले, तर त्याच्या साठवलेल्या नोंदीत बारा पाकळ्या बारा स्वतंत्र रेषाकृती म्हणून येत. भाषेत पुनरावृत्ती सांगण्याचे सामर्थ्य होते. चित्रकाराच्या बोलण्यात मात्र ते उतरले नव्हते.

त्याला मिळाली ती ‘तेच रूपांतर पुन्हा’ ही आज्ञा. एक पाकळी काढावयाची, देठाच्या बिंदूभोवती ती ३० अंशांनी फिरवून तिची प्रत ठेवावयाची, आणि मग ही एकच आज्ञा दहा वेळा द्यावयाची, म्हणजे बारा पाकळ्यांचे फूल पुरे होते. ही सोय लहान असली तरी तिच्यातील कल्पना सूक्ष्म आहे. प्रत्येक वेळी पाकळी वेगळी असते, अंश मात्र तेच असतात. म्हणजे क्रिया स्थिर आणि कर्म चल. भाषेत क्रियापद एकदा उच्चारून पुढील कर्मांसाठी ते अध्याहृत ठेवावे, तसा हा प्रकार. परंतु ह्या आज्ञेची स्मृती एकाच पायरीची होती. समास, रंग, जाडी आणि चौकट अशा चार पायऱ्यांचे आपले नकाशे तिच्या आटोक्याबाहेरचे होते. शिवाय फूल पुरे झाल्यावर पाकळीचे टोक थोडे निमुळते करावेसे वाटले, तर ते बाराही ठिकाणी हाताने करावे लागे, किंवा फूल पुन्हा काढावे लागे.

(३)

अनेक पायऱ्या एकदा करून दाखवाव्यात आणि यंत्राने त्यांवरून रीत शिकावी, ह्या कल्पनेचा पाठपुरावा ह्याच काळात विद्यापीठांतून चालू होता. तिला उदाहरणाने आज्ञावली रचण्याची पद्धती असे म्हणता येईल. डेव्हिड कॅनफील्ड स्मिथ यांचा स्टॅनफर्ड विद्यापीठातील ‘पिग्मॅलियन’ ह्या योजनेवरील १९७५ चा प्रबंध हा तिचा एक आरंभ. भाषाभ्यासकाच्या दृष्टीने तिच्यातील तीन प्रयत्न विशेष विचारार्ह आहेत.

पहिला डॅनियल हॅल्बर्ट यांचा, बर्कली येथील १९८४ च्या प्रबंधातला. त्याचा विषय चित्रे नसून झेरॉक्स स्टार ह्या यंत्रावरील कार्यालयीन दस्तऐवज हा होता. परंतु प्रश्न तोच होता. कोणी एखादा दस्तऐवज उचलून दुसरीकडे ठेवला, तर ह्या कृतीतील ‘तो दस्तऐवज’ म्हणजे कोणता? त्या नावाचा, की त्या जागी असलेला, की यादीतील पहिला? दाखविण्याच्या कृतीत ह्यांतील काहीच स्पष्ट होत नाही, कारण बोट दाखविणे हे सर्वनामासारखे आहे आणि सर्वनामाचा अर्थ प्रसंगावर अवलंबून असतो. हॅल्बर्ट यांचा तोडगा असा की, नोंद झाल्यावर यंत्राने प्रत्येक वस्तूचे वर्णन एका पत्रकावर मांडावे आणि ते बदलण्याचा अधिकार वापरणाऱ्याला द्यावा. म्हणजे सर्वनामाच्या जागी विशेषनाम घालावे की सामान्य वर्णन, हे ज्याचे काम आहे त्यानेच, पण मागाहून आणि शांतपणे ठरवावे.

दुसरा प्रयत्न कॅनडातील कॅलगरी विद्यापीठात डेव्हिड मॉल्सबी आणि त्यांचे सहकारी यांनी केलेला ‘मेटामाउस’ हा होय. तो १९८९ मध्ये प्रसिद्ध झाला. ह्यात ‘बॅझिल’ नावाचे एक कासव चित्रकाराची कृती पाहून शिकत असे. त्याची दृष्टी मुद्दाम संकुचित ठेवलेली होती; त्याला फक्त स्पर्श कळे. दोन चौकटी एका ओळीत आहेत हे त्याला शिकवावयाचे, तर चित्रकाराने आधी एक साहाय्यक रेषा काढून दोन्ही चौकटी तिला टेकवून दाखवावयाच्या. आपल्या मनातील संबंध डोळ्यांना दिसेल अशा खुणेने उघड केल्याशिवाय शिष्याला तो कळणार नाही, ही अट गुरूवर घातलेली होती. कासवाला पुनरावृत्तीचा सुगावा लागला की ते पुढची पायरी स्वतः करून दाखवी आणि गुरूची संमती विचारी.

तिसरा प्रयत्न कोलंबिया विद्यापीठातील डेव्हिड कर्लँडर यांचा. त्यांच्या ‘कायमिरा’ ह्या चित्ररेखनाच्या आज्ञावलीत झालेल्या कृतींचा इतिहास चित्रकथेतील चौकटींप्रमाणे ओळीने दिसत असे. त्यांतील हव्या त्या चौकटी निवडून त्यांचा मॅक्रो, म्हणजे पुन्हा वापरता येणारा कृतिसमूह, बनविता येई. आणि यंत्राने काढलेला सामान्य अर्थ चुकला असेल तर तो दुरुस्तही करता येई. १९९३ च्या त्यांच्या प्रबंधात हे सर्व एकत्र आलेले आहे.

तिन्ही प्रयत्नांत एक समान सूत्र आहे. यंत्राने अर्थ लावावा, पण लावलेला अर्थ दाखवावा आणि दुरुस्तीस खुला ठेवावा. पुढे बाजारात जे आले त्यात हे सूत्र फारसे उरले नाही.

(४)

१९९६ मध्ये फोटोशॉपच्या चौथ्या आवृत्तीत ‘ॲक्शन’ ही सोय आली, आणि १९९८ मध्ये इलस्ट्रेटरच्या आठव्या आवृत्तीत. नोंदीची कळ दाबावयाची, एका चित्रावर काम करावयाचे, नोंद थांबवावयाची; मग तीच मालिका दुसऱ्या चित्रावर, किंवा फोटोशॉपमध्ये एका संपूर्ण संचातील सर्व चित्रांवर, चालवावयाची. आज्ञावली रचणे ज्यांना ठाऊक नव्हते अशा असंख्य चित्रकारांना पुनरावृत्तीपासून पहिली खरी सुटका ह्या सोयीने दिली, हे निःसंशय मान्य करावयास हवे. तथापि ही सोय मूलतः ठशाची आहे. ती ‘तेच’ करते. ‘तसेच’ तिच्याकडून काढून घ्यावे लागते.

आपल्या नकाशांकडे पुन्हा वळू. पहिल्या नकाशावर चौकट उजव्या खालच्या कोपऱ्यात ठेवली. यंत्राने मात्र ‘कोपरा’ नोंदविला नाही. डाव्या कडेपासून इतके आणि वरच्या कडेपासून तितके, असे अंतर नोंदविले. दुसरा नकाशा रुंदीला मोठा असेल तर चौकट मध्येच कोठे तरी येऊन पडेल. ह्यावरचा उपाय जाणकार चित्रकारांना ठाऊक आहे. नोंद करण्यापूर्वी मोजपट्टीचे एकक बदलून ते टक्क्यांत ठेवावयाचे. मग यंत्र ‘रुंदीच्या अमुक टक्क्यांवर’ असे नोंदविते आणि प्रत्येक नकाशावर चौकट त्याच सापेक्ष जागी जाते. हाताची कृती दोन्ही वेळा अक्षरशः एकच; तिचा अर्थ मात्र कोपऱ्यातील एका एककाने पालटला.

थरांच्या बाबतीतही हेच. फोटोशॉपमध्ये चित्र अनेक लेयरांचे, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक थरांचे असते. यादीतील थरावर टिचकी मारून तो निवडला तर नोंदीत त्याचे नाव येते. त्या नावाचा थर दुसऱ्या चित्रात नसला की मालिका अडते. तोच थर कळफलकावरील ‘एक थर खाली’ ह्या संकेताने निवडला तर नोंदीत सापेक्ष स्थान येते आणि मालिका चालते. पहिली नोंद विशेषनामाची, दुसरी ‘शेजारचा’, ‘खालचा’ अशा सापेक्ष शब्दाची. भाषाशास्त्राच्या वर्गात सर्वनाम, विशेषनाम आणि दर्शक शब्द यांचा भेद शिकविताना ह्याहून स्वच्छ उदाहरण क्वचित मिळेल. फरक एवढाच की, आपल्या विद्यार्थ्याला हा भेद आहे हे तरी सांगितले जाते. चित्रकाराला तो मालिका फसल्यावर कळतो.

आणखी एक सोय उल्लेखनीय आहे. मालिकेतील एखाद्या पायरीपुढची लहानशी खूण चालू केली की यंत्र त्या पायरीवर थांबून संख्या किंवा पर्याय विचारते. हे जणू वाक्यात सोडलेले रिकामे स्थान होय. ‘तसे’चा जो अंश आधी ठरविता येत नाही तो यंत्राने माणसाला विचारावा, अशी ही प्रामाणिक तडजोड आहे. मात्र चाळीस नकाशांसाठी चाळीस वेळा उत्तर देणे आले. शिवाय, ब्रशाचे फटकारे नोंदविणे फोटोशॉपमध्ये दीर्घकाळ शक्यच नव्हते. ती मुभा २०१२ च्या सीएस६ ह्या आवृत्तीत आली. ज्या कृतीत हात सर्वांत अधिक बोलतो ती सोळा वर्षे नोंदीच्या बाहेर राहिली.

व्याकरणाच्या अभ्यासकांना येथे पाणिनीची आठवण होणे स्वाभाविक आहे. अष्टाध्यायीतील सुमारे चार हजार सूत्रांची संक्षिप्तता ज्या युक्त्यांवर उभी आहे, त्यांपैकी अनुवृत्ती ही प्रमुख. आधीच्या सूत्रातील पद पुढच्या सूत्रांत पुन्हा न उच्चारता चालू राहते. परंतु ते कोठवर चालू राहते, हे समजले नाही तर सूत्राचा अर्थच लागत नाही. अधिकाराची व्याप्ती स्वरिताच्या खुणेने दाखविण्याची योजना पाणिनीने केली होती. परंपरेने आपल्या हाती आलेल्या पाठात त्या खुणा उरलेल्या नाहीत, आणि ती व्याप्ती आपल्याला व्याख्यानकारांकडून समजून घ्यावी लागते. पुनरुक्ती टाळणारी कोणतीही व्यवस्था न उच्चारलेल्या गोष्टींवर चालते; त्यांची खूण हरवली की सूत्र राहते आणि अर्थ जातो. मोजपट्टीचे एकक ही अशीच एक खूण आहे. वर्षभराने तीच मालिका दुसऱ्याने चालविली, तर ती टक्क्यांच्या भरवशावर नोंदविली होती की इंचांच्या, हे तिच्या नावावरून त्याला कळत नाही. आणि येथे व्याख्यानकार कोणी नसतो.

(५)

दाखविण्याऐवजी लिहिणे, हा दुसरा प्रवाह समांतरपणे वाहत होता. स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस यांनी बर्कली येथे विद्यार्थी असताना १९९५ मध्ये सुरू केलेल्या गिंप ह्या मुक्त आज्ञावलीची १९९८ मधील पहिली पूर्ण आवृत्ती ‘स्क्रिप्ट-फू’ घेऊन आली. तीत स्कीम ह्या भाषेत कृती लिहाव्या लागत. फोटोशॉपमध्ये २००३ च्या सीएस आवृत्तीपासून जावास्क्रिप्टसारख्या भाषांत स्क्रिप्ट लिहिण्याची सोय अंगभूत झाली. क्रिता ह्या चित्रकारांच्या मुक्त आज्ञावलीत २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून पायथन ही भाषा वापरता येऊ लागली.

लिखित भाषेत चल पदाला नाव असते. ‘चित्राच्या रुंदीतून चौकटीची रुंदी वजा कर आणि तेथे ती ठेव’ हे वाक्य चाळीसच नव्हे, तर अद्याप न काढलेल्या नकाशांनाही लागू पडते. ‘रंगीत असेल तरच करडा कर’ अशी अट घालता येते. नोंदीच्या मालिकेत हे ‘तर’ जवळजवळ अशक्यच होते. ज्याला कित्ता म्हटले, त्यातील राखावयाचा आणि सोडावयाचा अंश येथे प्रथमच शब्दांत वेगळा झाला.

परंतु ह्या लाभाची किंमत चित्रकाराने आपली भाषा सोडून दुसरी शिकणे ही होती. दोन्ही प्रवाहांना जोडणारे एक साधन फोटोशॉपच्या स्क्रिप्टकारांत वापरले जाई. चित्रकार काम करीत असता ते त्याच्या प्रत्येक कृतीचे जावास्क्रिप्टमधील रूप एका फाइलीत लिहून ठेवी. ह्या फाइली वाचणे हा एक बोधप्रद अनुभव आहे. ‘निर्माण कर’ ह्या क्रियेचा संकेत इंग्रजी शब्दातील दोन व्यंजने आणि पुढे दोन कोऱ्या जागा असा असतो. ‘काढून टाक’ ह्यासाठी तीन व्यंजने आणि एक कोरी जागा. कारण प्रत्येक संकेत चार अक्षरांचा असलाच पाहिजे. चित्रकाराच्या हाताचे हे भाषांतर तंतोतंत आहे, पण ते त्यालाच वाचता येत नाही. परिणामी व्यवसायात दोन वर्ग पडले. नोंद करणाऱ्यांना ‘तेच’ म्हणता आले. ‘तसेच’ म्हणण्याचा अधिकार लिहिणाऱ्यांकडे राहिला. १९८४ मधील हॅल्बर्ट यांच्या पत्रकाने नेमकी हीच भिंत पाडावयाची होती.

(६)

दरम्यान सदरलंड यांची मूळ कल्पना हळूहळू परतली. २००१ मध्ये इलस्ट्रेटरच्या दहाव्या आवृत्तीत ‘सिंबॉल’ आले. मूळ चिन्ह बदलले की चित्रातील त्याची सर्व प्रतिरूपे बदलू लागली. त्याच वर्षी एसव्हीजी ह्या रेषाचित्रांच्या सार्वजनिक लेखनपद्धतीला मानक म्हणून मान्यता मिळाली. तीत एकदा काढलेल्या आकृतीचा दुसरीकडे संदर्भाने उपयोग करण्याची तरतूद आहे. २००३ मध्ये सुरू झालेली इंकस्केप ही मुक्त आज्ञावली ह्या तरतुदीवर आपले ‘क्लोन’ उभारते, आणि प्रतलावरील नक्षीच्या सतराही सममितिगटांनुसार त्यांची मांडणी करून देते. २००५ मध्ये फोटोशॉपमध्ये ‘स्मार्ट ऑब्जेक्ट’ आले. २०२० च्या अखेरीस इलस्ट्रेटरमध्ये वर्तुळाकार, जाळीदार आणि आरशातील प्रतिबिंबाप्रमाणे पुनरावृत्ती करणाऱ्या आकृत्यांची सोय झाली. तिच्यात एक पाकळी निमुळती केली की सर्व पाकळ्या निमुळत्या होतात.

१९६३ मध्ये अर्धवर्तुळांनी जे करून दाखविले ते सामान्य चित्रकाराच्या पाकळीपर्यंत अशा रीतीने पोहोचले. हा विलंब केवळ यंत्रांच्या दुबळेपणामुळे झाला असे म्हणता येणार नाही. छापलेले पान हे चित्राचे अंतिम रूप मानले गेले होते, आणि पानाला आपल्या उत्पत्तीची स्मृती नको होती. जेव्हा तीच आकृती पडद्यांवर निरनिराळ्या आकारांत वारंवार बदलून दाखविण्याची गरज पडली, तेव्हा संबंध जतन करण्याला मोल आले. साधनांचा इतिहास चित्राच्या उपयोगाच्या इतिहासापासून तोडून लिहिता येत नाही, हे ह्यावरून दिसते.

(७)

२०२३ पासून ह्या इतिहासास नवे वळण लागले. त्या वर्षी फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर ह्या दोहोंत वर्णनावरून चित्र निर्माण करण्याच्या सोयी आल्या. आता चित्रकार काय हवे ते साध्या वाक्यात लिहितो. वरवर पाहता, ‘तसे’ हा शब्द यंत्राला अखेर कळला असे वाटते. एका अर्थी ते खरे आहे. ‘पहिल्यासारखाच, पण पावसाळ्यातला’ असे म्हटले, तर यंत्र काही तरी समजते आणि करते. परंतु तेच शब्द पुन्हा दिले तर चित्र वेगळे येते, कारण ह्या पद्धतीत दर वेळी नवी निवड होते. नोंदीच्या यंत्राला ‘तेच’ येत होते, ‘तसे’ येत नव्हते. ह्या यंत्राला ‘तसे’ येते, ‘तेच’ येत नाही. चाळीस नकाशांच्या मालेला दोन्ही लागतात.

त्याहून महत्त्वाचे असे की, यंत्राने ‘तसे’चा कोणता अर्थ घेतला, काय राखले आणि काय सोडले, हे कोणत्याच पत्रकावर दिसत नाही. चुकीचे एकक निदान मोजपट्टीवर शोधता येत होते. चुकलेली स्क्रिप्ट ओळीने वाचता येत होती. येथे परिणाम पाहून पुन्हा वेगळे शब्द योजणे एवढाच उपाय उरतो. बॅझिल कासव मंद होते, पण पुढचे पाऊल टाकताना ते गुरूची संमती विचारीत असे.

ह्या सर्व विवेचनातून निघणारा निष्कर्ष मर्यादित, पण माझ्या मते निश्चित आहे. पुनरावृत्ती ही हाताच्या हालचालीत नसते. ती त्या हालचालीच्या वर्णनात असते. एकच हालचाल एका वर्णनाने ठसा होते, दुसऱ्याने कित्ता आणि तिसऱ्याने नियम. म्हणून पुनरावृत्तीचे काम यंत्राकडे सोपविताना श्रमाबरोबर वर्णनाचा अधिकारही सोपविला जातो, आणि तो परत मिळविणे श्रम परत मिळविण्याहून कठीण असते. साधन जुने असो वा नवे, त्याची पारख करताना विचारावयाचे ते हेच की, त्याने लावलेला अर्थ ते दाखविते काय, आणि ज्याचे चित्र आहे त्याला तो बदलता येतो काय. १९८४ ते १९९३ ह्या काळातील प्रबंधांनी ह्या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर देता येते हे दाखवून दिले होते. ते प्रबंध आज संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुरते राहिले आहेत. भाषेच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकांनी ते वाचावेत, एवढी सूचना करून हा निबंध संपवितो.